द्राक्षातली बुरशी: औषधाच्या आधी ओलीचे तास मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग, वाय ट्रेलिसवर, म्हणजे वाय आकाराच्या मांडवावर. गेल्या हंगामात फवारण्यांत कसर ठेवली नाही, तरी फुलोऱ्याच्या तोंडावर घडात डाऊनी हा रोग शिरला. जानेवारीत भुरीने, म्हणजे पांढऱ्या पावडरीच्या रोगाने, डोकं वर काढलं. आणि एवढं करून जे घड निवडून रॉटरडॅमला गेले, त्यातल्या काही पेट्या तिकडे उघडल्या तर आत कूज. निर्यातदार म्हणतो माल बागेतूनच तसा आला, तुम्ही म्हणता पॅकहाउसमध्ये गडबड झाली. आता फळछाटणी, म्हणजे घडांसाठीची ऑक्टोबर छाटणी, तोंडावर आहे आणि तुम्ही विचारताय, "या वर्षी कोणतं औषध घेऊ?"

भांडणाचा निकाल आधी देतो: दोघंही बरोबर असू शकता. पेटीतली कूज बहुतेक वेळा बागेतूनच निघालेली असते, पण पॅकहाउसने पेटीत तिला पाणी दिलं नसतं तर ती तिथेच दबून राहिली असती. तुमच्या प्रश्नात तीन रोग आणि एक सागरी प्रवास आहे. भुरी सोडली तर या सगळ्याला जोडणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे पानावर, घडावर किंवा मण्यावर पाणी किती तास टिकलं. औषधाची निवड त्यानंतर येते. आपल्याकडे उलटं होतं. दुकानातून औषधांची यादी घेऊन हंगाम सुरू होतो आणि दव किती वाजता सुकतं हे कुणी बघत नाही.

डाऊनीपासून सुरू करू, कारण ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले पन्नास दिवस तिचेच असतात. डाऊनी, म्हणजे केवडा, ही शास्त्राच्या हिशेबाने खरी बुरशी नाही. ती पाण्यातल्या शेवाळवर्गीय जीवांच्या जवळची आहे आणि तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. म्हणून पाणी नसेल तर लागण नाही. रात्री हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली आणि काही तास अंधार मिळाला, की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी वाढ येते. पहाटेच्या दवात तेच बीजाणू शेजारच्या पानावर पडतात. तापमान २० ते २५ अंश असेल तर पान दोन-तीन तास ओलं राहिलं तरी काम भागतं. त्यानंतर चार ते सात दिवस वरून काहीच दिसत नाही. मग तेलकट पिवळा डाग दिसतो आणि आपण धावत दुकानात जातो. त्या डागाची लागण आठवडाभर आधी झालेली असते. आज मारलेलं औषध पुढच्या लागणीसाठी असतं, दिसणाऱ्या डागासाठी नाही. हे डोक्यात बसलं की निम्म्या फवारण्यांच्या वेळा बदलतात.

ती खरी बुरशी नाही याचा आणखी एक अर्थ व्यवहाराचा आहे. भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं डाऊनीवर काहीही करत नाहीत. ढगाळ हवा आली की "बुरशीचं काहीतरी मारून घे" म्हणून त्याच गटातलं हेक्झाकोनॅझोल मारणारे बागायतदार मी दरवर्षी बघतो. डाग कुठला हे आधी ओळखा. शंका असेल तर संशयित पान तोडून ओल्या कापसाच्या बोळ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर घरात ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव आली तर डाऊनी जिवंत आहे. आली नाही तर डाग जुना, औषधाने किंवा उन्हाने मेलेला. ही चाचणी फुकट आहे आणि एखादी महागडी फवारणी वाचवते.

आता मूळ मुद्दा. युरोपात हिवाळ्यात वेली उघड्या पडतात, त्यामुळे डाऊनीला दर वसंतात जमिनीतल्या पाल्यातून नव्याने सुरुवात करावी लागते. आपल्याकडे वेलीला ती विश्रांती नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे काड्या तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर, फूट येते, पावसाळाभर पाला टिकतो आणि त्याच पाल्यावर रोग सप्टेंबरपर्यंत पोसला जातो. त्या काळात घड नसतो, म्हणून बागेकडे लक्षही नसतं. तुमच्या ऑक्टोबरच्या घडावर आलेली डाऊनी जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याच बागेत, नाहीतर शेजारच्या सोडून दिलेल्या बागेत वाढलेली असते. करप्याचंही तेच. पावसाळ्यात काडीवर खोलगट, तपकिरी कडेचे डाग पडतात, कोवळ्या पानांना बंदुकीचे छर्रे लागल्यासारखी भोकं पडतात. त्या काड्या छाटणीत राहून गेल्या तर पहिल्या पावसाच्या थेंबाबरोबर रोग नव्या फुटीवर उडतो. म्हणून छाटणी करताना डागाळलेली काडी कितीही जाड, कितीही फळधारक वाटली तरी कापा आणि बागेबाहेर नेऊन जाळा.

पावसाळ्यात बोर्डो मिश्रणाइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. रोगाला त्याची सवय होत नाही, कारण तांबं एकाच ठिकाणी घाव घालत नाही. याचा जन्म फ्रान्समधला. बोर्डोजवळ मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना फासायचे; त्या वेलींची पानं गळत नाहीत हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. एक टक्क्यासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवा, लोखंडी भांडं नको. मिश्रण झाल्यावर त्यात घासलेला विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं भाजतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि हे खरड छाटणीनंतरच्या पक्व पानांसाठी आहे. ऑक्टोबरनंतरच्या कोवळ्या फुटीवर एक टक्का मारू नका.

फळछाटणीच्या वेळी दोन कामं कंटाळवाणी आहेत म्हणून टाळली जातात, आणि माझ्या मते तीच दोन सगळ्यात जास्त पैसे वाचवतात. एक, छाटलेला आणि गळलेला पाला बागेतून बाहेर काढणं. सरीत तसाच ठेवला तर तो रोगाचा साठा आहे. दोन, छाटणी झाल्याबरोबर ओलांडे (वेलीचे आडवे फाटे), खोड आणि काड्या बोर्डोने धुऊन घेणं. डोळे फुटण्यासाठीची पेस्ट काडीला लावायची घाई असते हे कळतं, पण धुण्यासाठी एक दिवस काढा.

छाटणीनंतर पोंगा, म्हणजे डोळ्यातला पहिला कोंब, फुटला की खरी परीक्षा. इथून फुलोऱ्यापर्यंत घड उघडा, मऊ आणि रंध्रांनी भरलेला असतो. पानावर डाऊनी आली तर पान जातं, घडात आली तर त्या वर्षीचं पीक जातं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने नेमकं हेच केलं, आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसाने पुन्हा केलं. ज्यांच्या बागा तेव्हा पोंगा ते फुलोरा या अवस्थेत होत्या त्यांचे घड जिरले, कुजले. ज्यांच्या उशिरा छाटल्या होत्या ते वाचले. छाटणीची तारीख ही सुद्धा रोगनियंत्रणाची गोष्ट आहे. सटाणा-कळवण पट्ट्यात अगाप बागा पावसातच छाटतात, कारण डिसेंबरचा भाव खेचतो. तिथे आता प्लास्टिकचं आच्छादन घालणारे वाढले आहेत आणि मला ते पटतं. दिंडोरीत निर्यातीसाठी बाग करणाऱ्याने मात्र शेजाऱ्याने छाटली म्हणून सप्टेंबरच्या पावसात कात्री घालायचं कारण नाही. अडीच एकर एकदम न छाटता दोन तुकड्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटली तरी एका पावसात सगळी बाग एकाच अवस्थेत सापडत नाही.

फेल काढायला उशीर करू नका. छाटणीनंतर पंधरा-अठरा दिवसांत वांझ आणि जादा फूट काढलीच पाहिजे. दाट कॅनॉपीत, म्हणजे पाल्याच्या पसाऱ्यात, सकाळचं दव अकरा वाजेपर्यंत टिकतं, मोकळ्या कॅनॉपीत नवाला सुकतं. या दोन तासांत डाऊनीचं गणित बदलतं. फवाऱ्याचंही बदलतं: दाट पाल्यात ब्लोअरचं (ट्रॅक्टरवरच्या पंख्याच्या फवारणी यंत्राचं) पाणी बाहेरच्या पानांवर थबकतं आणि आतला घड कोरडा राहतो. तुमच्या "भरपूर फवारण्या" घडापर्यंत पोचल्या होत्या का, हे तपासायचं तर पाण्याला चटकन रंग बदलणारी कागदाची पट्टी मिळते. ती आतल्या पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाशेजारी टाचून नुसतं पाणी फवारून बघा. बऱ्याच बागांत औषध बदलण्याआधी नोझल बदलावे लागतात. ट्रॅक्टरचा वेग कमी करणं तर फुकटच आहे.

आता औषधं. पाऊस किंवा जड दव येण्याआधी पानावर असलेलं साधं स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारं) औषध, पाऊस होऊन गेल्यावर मारलेल्या महागड्या आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणाऱ्या) औषधापेक्षा मोलाचं असतं. घड निघण्याआधी मँकोझेब लिटरला दोन ते अडीच ग्रॅम हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. पण युरोपने २०२० च्या अखेरीस त्याची मान्यता काढून घेतली, त्यामुळे निर्यातीच्या बागेत ते कधीपर्यंत चालेल हे चालू वर्षाच्या यादीतच बघायचं. पाऊस झाला आणि लागणीची शक्यता वाटली तर डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड, सायमोक्झॅनिल अशा डाऊनीच्या खास औषधांपैकी एक, तेही शक्यतो स्पर्शजन्य औषधाच्या जोडीने, आणि पुढच्या वेळी गट बदलून. एकाच गटाचं औषध हंगामात दोनदापेक्षा जास्त नको. स्ट्रोबिल्युरिन गटाचं आपण काय केलं ते आठवा. डाऊनीवर, भुरीवर, सगळ्यावर तेच मारलं आणि महाराष्ट्रातल्या बागांत दोन्ही रोगांनी त्याला दाद देणं सोडलं. पोटॅशियम फॉस्फोनेटसारखी औषधं लागणीच्या आधी दिली तरच उपयोगी, डाग दिसल्यावर नाही. पावसात ट्रॅक्टर बागेत जात नसेल, तर ओल्या पानावर मँकोझेबची धुरळणी करणारे बागायतदार आहेत. अडचणीच्या वेळी ती कामाला येते, फक्त फुलोऱ्याआधी आणि यादीच्या मर्यादेत.

यादी म्हणजे अपेडाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, निर्यात नियमावलीतलं परिशिष्ट ५. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दरवर्षी ते सुधारून देतं. त्यात औषध, मात्रा, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं आणि युरोपची अवशेष मर्यादा हे सगळं असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांवरून आपले कंटेनर युरोपात अडकले होते, ते बुरशीनाशक नव्हतं, पण तेव्हापासून तिकडचा आयातदार कागद किती बारकाईने बघतो हे सगळ्यांना माहीत आहे. दुकानदाराच्या तोंडी शिफारशीवर निर्यातीच्या बागेत काहीही मारू नका. "ऑरगॅनिक आहे, अवशेष येत नाही" असं सांगून विकल्या जाणाऱ्या लेबलविरहित बाटल्यांवर तर मुळीच नाही. त्यात काय मिसळलंय ते प्रयोगशाळेच्या अहवालातच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

भुरी वेगळी जात आहे. तिला पानावर पाणी लागत नाही. उलट जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो. तिला पाहिजे असते सावली, दमट हवा आणि २० ते २७ अंशांचं तापमान. पारा ३५ च्या वर गेला की ती थांबते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, डाऊनी शांत झाली म्हणून आपण निर्धास्त होतो, तेव्हा दाट पाल्याच्या आतल्या घडावर ती सुरू होते. जानेवारीत तुम्हाला दिसली म्हणालात, पण मण्यांना लागण बहुधा फुलोरा ते मणी सेटिंगनंतरच्या तीन-चार आठवड्यांत झाली असणार. मणी कोवळा असताना तो सगळ्यात जास्त बळी पडतो. नंतर मण्याची साल आपोआप प्रतिकार करू लागते, फक्त घडाचा दांडा आणि देठ शेवटपर्यंत धोक्यात राहतात. म्हणजे भुरीची महत्त्वाची फवारणी आहे फुलोऱ्याच्या आसपासची. पहिल्या डिपिंगच्या, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या, धांदलीत ती मागे पडते.

आणि इथे पेटीतल्या कुजीशी धागा जुळतो. कोवळ्या मण्यावर भुरी इतकी विरळ लागू शकते की डोळ्याला दिसतच नाही. पण त्या जागेवरची साल मरते, मणी फुगताना ताणत नाही आणि बारीक भेगा पडतात. भेगेतून साखरेचा रस बाहेर आला की पुढच्या सगळ्या बुरशांना दार उघडं. जानेवारीत गंधक मारून पांढरी पावडर गेली, मणी चकचकीत दिसले, पण भेगा राहिल्या. अशा घडांना पॅकहाउसमध्ये कुणी नापास करत नाही आणि तेच पुढे चार आठवडे प्रवास करतात.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, हाच कणा. फक्त भर उन्हात नको, आणि तेलयुक्त फवारणीच्या आगेमागे नको, साल भाजते. मणी मोठे झाल्यावर गंधकाचे डाग राहतात, म्हणून उशिरा टाळलेलं बरं. ट्रायझोल किंवा इतर खास औषधांच्या एक-दोन फवारण्या नेमक्या जागी घाला. काढणीआधीच्या शेवटच्या पन्नासेक दिवसांत अवशेषाची भीती असते, तेव्हा अँपेलोमायसिस, ट्रायकोडर्मा, बॅसिलस सबटिलिस यांसारख्या जैविक फवारण्या किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट. जैविक औषध वाढलेला रोग बसवत नाही हे मात्र लक्षात ठेवा. ते स्वच्छ घडावर, संध्याकाळी मारायचं असतं.

ग्रे मोल्ड, म्हणजे बोट्रायटिस, हिच्याबद्दल आपल्या भागात फारसं बोललं जात नाही, कारण बागेत ती क्वचितच ठळक दिसते. निर्यातीच्या पेटीत मात्र तिचंच राज्य असतं. फुलोऱ्यात ती वाळलेल्या फुलांच्या टोप्यांवर बसते, घडात अडकलेल्या त्या कचऱ्यातून कोवळ्या मण्यात शिरते आणि तिथे मुकाट पडून राहते. मण्यात साखर भरली की जागी होते. सेटिंगच्या वेळी सकाळी ब्लोअरची नुसती हवा मारून टोप्या झटकून टाकणं, हा तिच्यावरचा सगळ्यात साधा उपाय. दुसरा उपाय विरळणी. जीए या संजीवकाचं डिपिंग करून मणी फुगवायचे आणि विरळणीत हात आखडता घ्यायचा, म्हणजे मण्यावर मणी दाबून आतले मणी देठापाशी फाटतात. बाहेरून घड भरलेला, देखणा. आत ओल आणि रस. मजुरी वाचवायची असेल तर दुसरीकडे वाचवा.

नत्राचं आवरा. छाटणीनंतर साधारण पंचेचाळिसाव्या दिवशी पानाच्या देठाचं परीक्षण करून घ्या आणि नत्र जास्त निघालं तर युरिया बंद. पाला लुसलुशीत, साल पातळ, आणि रोगाला तेच हवं असतं. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, ठिबकचं पाणी एकसारखं ठेवा. आठ दिवस कोरडं आणि मग भरपूर असं केलं की मणी तडकतात.

काढणीची वेळ हा एक तिढा आहे. मण्याचं तापमान कमी असताना, म्हणजे सकाळी लवकर काढा असं सगळे सांगतात. जानेवारी-फेब्रुवारीत दिंडोरीच्या बाजूला सकाळी घडावर दव असतं, आणि ओला घड काढू नका असंही सगळे सांगतात. दोन्ही खरं आहे. निवड करायची वेळ आली तर मी दव सुकायची वाट बघेन, कारण मण्यातली उष्णता प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे माल झटपट थंड करताना, काढता येते, घडाच्या आत अडकलेलं पाणी काढता येत नाही. पुन्हा, मोकळ्या कॅनॉपीत ही वाट तासभराची असते आणि दाट कॅनॉपीत उन्हं चढेपर्यंतची. पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस थांबा, तडकलेले मणी कात्रीने काढून टाका, मगच काढणी. निर्यातदाराची गाडी दारात उभी असली तरी.

घड दांड्याला धरून काढायचा, मण्याला हात नको. मण्यावरची नैसर्गिक पावडर पुसली की ओल आत जायला वाट होते. खराब मणी ओढून न काढता देठासकट कात्रीने. क्रेटमध्ये घडांचा एकच थर, खाली बबल शीट. क्रेट बांधावर उन्हात नकोत. रिकामे परत येणारे क्रेट धुऊन, क्लोरीनच्या पाण्यातून काढून वापरा. आणि पॅकहाउसच्या दारातच टाकाऊ मण्यांचा ढीग असेल तर समजा तिथे बुरशीची नर्सरीच आहे. वाऱ्यावर तेच बीजाणू आत पॅक होत असलेल्या घडांवर बसतात. पुढच्या वेळी तुम्ही पॅकहाउसला जाल तेव्हा एसी आणि टाइल्स बघू नका, मागच्या बाजूला जाऊन ढीग कुठे आहे ते बघा.

आता पेटीतलं पाणी. काढणीपासून चार-सहा तासांत माल प्री-कूलिंगला लागला पाहिजे, आणि सहा-आठ तासांच्या जोराच्या थंड हवेने मण्याच्या आतलं तापमान चार अंशांच्या खाली आलं पाहिजे. खोलीचं तापमान नव्हे, मण्याच्या आतलं. सुईचा थर्मामीटर मण्यात घालून मोजायला सांगा, आणि तो ढिगातल्या मधल्या पेटीत घालायला सांगा. त्यानंतर ग्रेप गार्डची (कूज रोखणारा वायू सोडणारी) शीट ठेवायची, लायनर (पेटीतली प्लास्टिकची पिशवी) मिटायचा आणि पेटी शून्य अंशाच्या कोल्ड स्टोअरमध्ये, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेला.

हा क्रम का पाळायचा ते समजून घ्या, कारण तुमच्या मालाचं काय झालं असावं ते इथेच सापडेल. ग्रेप गार्डमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलाव्याशी संपर्क आला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि मण्याच्या पृष्ठभागावरचे बीजाणू मारतो. शीटचा एक भाग पहिल्या एक-दोन दिवसांत झपाट्याने वायू सोडतो, दुसरा भाग पुढे काही आठवडे हळूहळू. गरम माल लायनरमध्ये बंद केला, की थंड खोलीत त्याचा बाष्प लायनरच्या आतून थेंब होऊन साचतो. ते पाणी शीटवर पडलं की सगळा वायू सुरुवातीलाच भसकन निघून जातो. मणी देठापाशी पांढुरके पडतात, दांडा करपतो. तिसऱ्या आठवड्यात शीट रिकामी असते, मणी ओले असतात आणि बोट्रायटिस शून्य अंशालाही वाढते, हळू वाढते पण थांबत नाही. ऱ्हायझोपस आणि काळी अ‍ॅस्परजिलस या बुरशांना शून्याला वाढता येत नाही. म्हणून तिकडून आलेले फोटो नीट बघा. राखाडी-तपकिरी कूज, शेजारच्या मण्यांना चिकटून झालेलं घरटं आणि मण्याची साल बोटाने सरकतेय असं असेल तर बोट्रायटिस: बागेतली लपलेली लागण अधिक पेटीतलं पाणी. काळी भुकटी किंवा केसाळ बुरशी आणि गळणारा रस असेल, तर वाटेत कुठेतरी थंडाईच तुटली होती, आणि मग कंटेनरच्या तापमानाची नोंद मागून घ्या. देठाभोवती पांढरे डाग आणि शिवाय कूज, दोन्ही एकत्र दिसले तर गरम माल बंद केला होता असं मी समजेन.

ग्रेप गार्ड औषध आहे असं समजून दोन शीट टाकणारे लोक आहेत. मण्याच्या आत शिरलेल्या बुरशीला हा वायू काहीही करू शकत नाही, तो फक्त तिला शेजारी पसरू देत नाही. जास्त टाकला तर द्राक्षातलं प्रमाण १० पीपीएमच्या मर्यादेवर जातं आणि लाल-काळ्या जातींचा रंग उडतो.

प्रवासाचं एक नवं दुखणं आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपची वाट दहा-पंधरा दिवसांनी लांबली. जी लपलेली लागण पूर्वी तिकडच्या दुकानात पोचेपर्यंत उघडी पडत नव्हती, ती लांबच्या वाटेने गेल्यावर बंदरातच दिसते. म्हणून लोडिंगच्या आधी निर्यातदाराला जहाजाचा मार्ग विचारा. लांबच्या वाटेने जाणार असेल तर भुरीचा इतिहास असलेल्या तुकड्यातला, दाट घडांचा किंवा पावसानंतर काढलेला माल त्या कंटेनरमध्ये घालू नका. तो स्थानिक बाजारात किंवा आखाताच्या कमी दिवसांच्या प्रवासाला द्या. भाव कमी मिळेल, पण नाकारलेल्या कंटेनरपेक्षा बरा. भाव चढेल म्हणून माल कोल्ड स्टोअरमध्ये थांबवायचा विचार असेल तर तेही या मालाच्या बाबतीत करू नका. थांबलेले दिवस शीटच्या आयुष्यातून वजा होतात. आणि स्थानिक बाजारात शीतसाखळी नसतेच, तिथे शीट काही वाचवत नाही, फक्त कोरडा, न तडकलेला घड वाचतो.

तुमच्या आणि निर्यातदाराच्या वादावर पुढच्या वर्षी एक तोडगा आहे. काढणीच्या प्रत्येक दिवशीच्या, प्रत्येक तुकड्याच्या मालातली एक पेटी, तशीच पॅक केलेली, तशीच शीट घातलेली, त्याच कोल्ड स्टोअरमध्ये राखून ठेवायला करारातच लिहून घ्या. पेटीवर तुकडा, तारीख आणि बंद करतानाचं मण्याचं तापमान. जहाज पोचायच्या सुमारास ती दोघांच्या समोर उघडा, मग दोन-तीन दिवस बाहेर साध्या तापमानाला ठेवून पुन्हा बघा. इथली पेटी स्वच्छ आणि तिकडची कुजलेली असेल तर वाटेत काय झालं ते शोधा. इथेही कूज निघाली तर कूज असलेला घड उलगडून बघा: सुरुवात आतल्या दाबलेल्या मण्यापासून झालीय, वाळलेल्या टोपीपासून, की भुरीच्या भेगेपासून. तुकड्याच्या नोंदवहीत ते लिहून ठेवा, कारण पुढच्या फळछाटणीला त्या ओळीत किती काड्या ठेवायच्या हे त्यावरूनच ठरवायचं आहे.